फार्मसी फर्स्ट इयरच्या आधी नेमकं काय वाचून ठेवू? मॅथ्स केव्हाच सुटलंय

कोरी_वही

नमस्कार सगळ्यांना. फार्मसी डिग्रीला ॲडमिशन झालीय, लेक्चर्स सुरू व्हायला अजून बरेच आठवडे आहेत आणि नुसतं बसून राहिलं की टेन्शन वाढतंय. माझं बायो चांगलं आहे. केमिस्ट्री म्हणजे पाठ करून मार्क आणलेत, ऑरगॅनिकच्या रिॲक्शन लिहिता येतात पण ती का होते असं कोणी विचारलं की मी गप्प. मॅथ्स तर सोडूनच दिलेलं, लॉग म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. एका सिनियरने सांगितलं की फार्माकॉलॉजीचं जाडं पुस्तक आत्ताच वाचायला घे म्हणजे पुढे सोपं जातं, तर ते आणलं आणि पहिल्याच चॅप्टरला अडकलेय, रिसेप्टर, ॲगोनिस्ट, आयनायझेशन सगळं एकदम अंगावर येतं. मैत्रीण औषधांच्या नावांची यादी करून रोज पाठ करतेय. मीपण तेच करू का? की केमिस्ट्री? की ॲनाटॉमी? सगळं होणार नाही हे कळतंय म्हणून विचारतेय. आधीच थँक्यू.

खलबत्ता

फार्माकॉलॉजीचं पुस्तक माळ्यावर टाक, आत्ता त्याचं काही काम नाही. फर्स्ट इयरला पोरं फार्माकॉलॉजीत अडकत नाहीत गं, ती अडकतात मोल, नॉर्मॅलिटी, टक्केवारी आणि डायल्यूशनमध्ये. आणि गंमत म्हणजे हे कोणी नीट शिकवतही नाही, कारण सगळे धरून चालतात की हे शाळेतच झालंय.

त्यामुळे माझं मत विचारशील तर पहिले युनिट्स. ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम यांच्यात न अडखळता ये-जा करता आली पाहिजे, झोपेतून उठवून विचारलं तरी. ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, हे सांगायला कॅल्क्युलेटर लागता कामा नये. डिगॉक्सिन, लिव्होथायरॉक्सिन अशी औषधं मायक्रोग्रॅममध्येच देतात, तिथे मिलि आणि मायक्रोत घोळ झाला तर डोस हजारपट चुकतो.

मग टक्के. ५ टक्के वेट बाय व्हॉल्यूम म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलीच्या डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम. '१ इन १०००' लिहिलं असेल तर १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच मिलीला १ मिलिग्रॅम. ॲड्रेनॅलिनची ताकद पूर्वापार अशीच लिहायची पद्धत होती, आणि १ इन १००० ऐवजी १ इन १०,००० धरलं की दहापट फरक पडतो.

लॉगला घाबरायचं काही कारणच नाही. लॉग एवढंच विचारतो, १० चा कितवा घात केला की ही संख्या येईल? १०० चा लॉग २, १००० चा ३, ०.०१ चा उणे २. झालं. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनच्या कॉन्सन्ट्रेशनचा उणे लॉग, म्हणून पीएच ३ आणि पीएच ५ यांच्यात दोनाचा फरक दिसतो खरा पण पहिल्यात हायड्रोजन आयन १०० पट जास्त असतात. एवढं कळलं की तुझ्या त्या पहिल्या चॅप्टरमधलं आयनायझेशन आपोआप सुटतं. ॲस्पिरिन ॲसिड आहे, त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं औषध आयन झालेलं असतं तो आकडा) साधारण ३.५ धर. जठरात पीएच १.५ असेल तर फरक २, म्हणजे १०० ला १ असं प्रमाण, जवळपास ९९ टक्के औषध आयन न झालेलं, पडद्यातून आरपार जाऊ शकेल असं. आतड्यात पीएच ६.५ घेतला तर फरक ३, तो पण उलट्या बाजूला, म्हणजे ९९.९ टक्के आयन झालेलं. हे सगळं फक्त वजाबाकी करून आलं बघ, यात कुठलं मोठं मॅथ्स आहे?

कोरी_वही

बापरे, हे पहिल्यांदा कळलं. पण मग दादा, ॲस्पिरिन जठरातच शोषलं जातं का? कारण आतड्यात तर सगळं आयनच आहे.

खलबत्ता

हा प्रश्न पडला ना, मग तुझं काम अर्धं झालं. नाही, बहुतेक औषध लहान आतड्यातच शोषलं जातं. आतड्याचा पृष्ठभाग जठराच्या मानाने प्रचंड असतो, घड्या, त्यावर व्हिलाय म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, त्यावर आणखी बारीक मायक्रोव्हिलाय. आयन न झालेला भाग थोडा असला तरी तो आत गेला की त्याच्या जागी नवीन तयार होत राहतो. गणिताने दिशा कळते, पुढचं शरीराची रचना ठरवते. त्यामुळे ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीपण लागतेच, पण त्यावर माझ्यापेक्षा दुसरं कोणीतरी नीट लिहील.

नेफ्रॉनवेडी

लिहिते मी. बायो चांगलं आहे म्हणतेस ना, मग इथे तुला सगळ्यात जास्त फायदा आहे आणि सगळ्यात जास्त धोकापण, कारण बायोवाली मुलं हाडांची नावं, स्नायूंची नावं पाठ करत बसतात. फार्मसीला हाडांपेक्षा काम कसं चालतं ते जास्त लागतं. तीन गोष्टी पक्क्या कर, किडनी, हृदय आणि ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम (आपल्या इच्छेशिवाय आपोआप चालणारी मज्जासंस्था), बाकी सगळं कॉलेजात होईल.

किडनीचंच बघ. दिवसाला साधारण १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर, म्हणजे बाकीचं सगळं परत घेतलं जातं. कुठे काय परत घेतलं जातं हे नळीच्या क्रमाने, स्वतः चित्र काढून, न बघता सांगता आलं पाहिजे. पुढे जेव्हा डाययुरेटिक्स (लघवी वाढवणारी औषधं) येतील तेव्हा फ्युरोसेमाइड हेन्लेच्या लूपच्या चढत्या जाड भागात, थायझाइड त्याच्या पुढे डिस्टल ट्यूब्यूलमध्ये आणि स्पायरोनोलॅक्टोन अगदी शेवटी अल्डोस्टेरॉन या हार्मोनला अडवून, असं सगळं त्याच एका चित्रावर बसतं. ज्यांनी चित्र काढलेलं नसतं ते हे तीन वेगवेगळे धडे म्हणून पाठ करतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात.

ऑटोनॉमिकचंही तसंच आहे. बीटा वन रिसेप्टर (पेशीवरची औषध जिथे जाऊन बसतं ती जागा) मुख्यतः हृदयात, बीटा टू श्वासनलिकेच्या स्नायूत, हे डोक्यात बसलं की प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या पेशंटला का द्यायचं नाही हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, ते दोन्ही अडवतं ना. पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंपपण बघून ठेव, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. छोटी गोष्ट वाटते पण नर्व्ह, हृदय, किडनी सगळीकडे तोच भेटतो.

औषधांच्या नावांबद्दल, तुझ्या मैत्रिणीला सांग यादी फाड. नावांच्या शेपटात क्लास लपलेला असतो, 'ओलॉल' असेल तर बीटा ब्लॉकर, 'प्रिल' म्हणजे एसीई (ACE) हे एन्झाइम अडवणारं, 'सार्टन' म्हणजे अँजिओटेन्सिन रिसेप्टर अडवणारं, 'स्टॅटिन' म्हणजे कोलेस्टेरॉलवालं. हे समजायला अर्धा तास पुरतो.

काठावर_पास

मी काय म्हणतो, काहीही वाचू नका, झोपा. नंतर चार वर्षं झोप मिळत नाही 😄

ब्युरेटवाली

झोप पण आणि वाचन पण, दोन्ही होतं, काठावर पास व्हायचं नसेल तर.

मी लॅबमध्ये शिकवते (कुठे ते जाऊ दे), तर ऑरगॅनिक आणि प्रॅक्टिकलबद्दल सांगते. रिॲक्शन पाठ करणं थांबव. फंक्शनल ग्रुप घे, एकेकाला प्रश्न विचार, हा ॲसिड आहे का बेस, पाण्यात विरघळेल का, पाण्याने तुटेल का. ॲस्पिरिन मघाशी आलंच आहे तर तेच बघ, त्यात एक कार्बोक्झिलिक ॲसिड आहे आणि एक एस्टर. ॲसिड आहे म्हणून पीकेए आला, एस्टर आहे म्हणून ओलावा लागला की तुटतं आणि सॅलिसिलिक ॲसिड नि ॲसिटिक ॲसिड होतं, म्हणूनच जुन्या गोळ्यांच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो. एका रेणूकडे बघून एवढं सांगता आलं तर तुझा ऑरगॅनिकचा पाया झाला असं समज. त्यानंतर स्टिरिओकेमिस्ट्री, म्हणजे एकाच रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं, आर आणि एस, ओळखता येतील इतकीच. आयबुप्रोफेनमध्ये काम करणारा एस असतो आणि शरीर आरचा बराचसा भाग एसमध्ये बदलून घेतं. उलट थॅलिडोमाइडमध्ये (गर्भाला व्यंग आणणारं म्हणून गाजलेलं औषध) दोन्ही रूपं शरीरात एकमेकांत बदलत राहतात, त्यामुळे फक्त 'चांगलं' रूप दिलं असतं तर वाचलो असतो, हे जे सर्रास सांगितलं जातं ते टिकत नाही.

प्रॅक्टिकलला पुस्तक वाचून हात बसत नाही, पण कारणं आधी वाचून ठेवता येतात. सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून अचूक सोल्यूशन का बनवत नाहीत? कारण ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून आधी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या प्रायमरी स्टँडर्डने (ज्याचं अचूक वजन करता येतं अशा शुद्ध पदार्थाने) त्याची ताकद काढावी लागते. टायट्रेशन संपल्याचं दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग थोड्या वेळाने का उडतो? तेच कारण, हवेतला कार्बन डायऑक्साइड. मुलं काय करतात, रंग उडाला म्हणून अजून थेंब टाकतात, मग अजून, आणि रीडिंग पार गंडतं. शिवाय फिका गुलाबी म्हणजे फिका, आमच्याकडे अर्ध्या वर्गाचे फ्लास्क राणी रंगाचे असतात.

एका गोष्टीत मात्र मी खलबत्ताशी सहमत नाही. फार्माकॉलॉजीचं पुस्तक माळ्यावर टाकू नकोस, जवळ राहू दे. नेफ्रॉन (किडनीतली ती गाळणारी नळी) शिकलीस की त्यातलं डाययुरेटिक्सचं पान उघडून बघ, बस एवढंच. पहिल्या पानापासून वाचायचं नाही.

खलबत्ता

मान्य. पण माझा अनुभव असा की जवळ ठेवलं की मुलं तेच वाचतात, कारण त्यात औषधांची नावं असतात आणि मोलॅरिटी कंटाळवाणी वाटते.

कोरी_वही

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, पुस्तक कपाटात ठेवलंय, माळ्यावर नाही आणि टेबलावर पण नाही 🙈 किडनीचं चित्र काढायला घेतलंय. एक शंका आहे, ॲलिगेशन म्हणून काहीतरी असतं ते लागतं का? सिनियरच्या वहीत चौकटी काढलेल्या दिसल्या, काही कळलं नाही.

खलबत्ता

लागतं आणि दहा मिनिटात येतं. दोन वेगळ्या ताकदीची सोल्यूशन्स किती-किती मिसळली की मधली ताकद मिळेल, ते काढायची ही पद्धत. समज ९० टक्के आणि ३० टक्के अल्कोहोल आहे आणि तुला ५० टक्के हवंय. तिरकी वजाबाकी कर, ५० मधून ३० गेले २०, हे ९० वाल्याचे भाग. ९० मधून ५० गेले ४०, हे ३० वाल्याचे भाग. म्हणजे १ ला २. ६०० मिली करायचं तर २०० आणि ४००. ताळा करून बघ, १८० अधिक १२० बरोबर ३००, ते ६०० चे ५० टक्के. फक्त कमी ताकदीचं जास्त लागणार की जास्त ताकदीचं, याचा अंदाज आधी मनात बांधायचा आणि मगच चौकट काढायची, कारण चौकट उलटी काढली तरी उत्तर येतंच, चुकीचं.

आता तू एक कर. १ टक्का स्टॉक (आधीच बनवलेलं जास्त ताकदीचं सोल्यूशन) आहे, त्यातून १ इन १०,००० चं २५० मिली बनवायचंय. स्टॉक किती घेशील?

रात्रपाळी

मध्येच घुसतो, उत्तर लिहिताना दशांशाच्या आधी शून्य लिहायचं, .५ नाही ०.५. आणि पूर्ण संख्येनंतर टिंब-शून्य लावायचं नाही, ५.० नाही नुसतं ५. टिंब पुसट झालं की .५ चे ५ होतात आणि ५.० चे ५०. ही सवय पहिल्या दिवसापासून लाव, नंतर लागत नाही.

कोरी_वही

करून बघितलं. १०,००० मिलीत १ ग्रॅम म्हणजे २५० मिलीत ०.०२५ ग्रॅम, म्हणजे २५ मिलिग्रॅम. १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, मिलीला १० मिलिग्रॅम. तर २.५ मिली स्टॉक. बरोबर आहे का?

खलबत्ता

बरोबर. आणि शून्य पण नीट लिहिलंस. फक्त २.५ मिली घेऊन त्यात २५० मिली पाणी ओतू नकोस, २.५ घ्यायचं आणि पाण्याने एकूण २५० पर्यंत भरायचं. हे व्हायव्हात हमखास विचारतात.