पॅटर्नला हात लावण्याआधी सिम्युलेशन रिपोर्ट: सक्ती बरोबर की चूक?

चाकणचा_डिझायनर
हल्ली बऱ्याच गाडी कंपन्या नवीन कास्टिंगचा (ओतीव पार्टचा) पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा बनतो तो नमुना, बनवण्याआधी फौंड्रीकडून सॉलिडिफिकेशनचा, म्हणजे धातू कसा गोठेल याचा, कॉम्प्युटर सिम्युलेशन रिपोर्ट मागतात. साचा कसा भरेल, कुठला भाग शेवटी गोठेल, श्रिंकेज (आकसल्यामुळे पडणारी पोकळी) कुठे बसेल, हे त्यात दिसतं. कोल्हापूरकडच्या फौंड्रीवाल्यांची यावर कुरकुर चालू असते. माझ्या मते सक्ती योग्यच आहे.

हाउसिंगमध्ये जाड बॉस (भोक पाडायला ठेवलेला उंचवटा) आणि त्याला लागून पातळ भिंत आली, की बॉस उशिरा गोठतो. आकसताना त्याला धातूचा पुरवठा मिळत नाही आणि आत पोकळी राहते. वरून कास्टिंग एकदम झकास! मशीन शॉपमध्ये ड्रिल आत गेलं की सगळं उघडं पडतं. तोवर वीज, मजुरी, मशीनचा वेळ, सगळं पाण्यात. स्क्रीनवर रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारा कप्पा) इकडचा तिकडे करायला काय जातं? पॅटर्नची तोडफोड करून पुन्हा ट्रायल घेण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

शिरोलीकर
भावा, स्वस्त कुणाला? लायसन्सचे पैसे आम्ही भरायचे, ते चालवणारा पोरगा आम्ही ठेवायचा, आणि रेट तोच.

बरं, रिपोर्टात सगळं निळंशार, म्हणजे दोष कुठंच नाही, आणि ओतून कापलं की आत स्पंज. का ते ऐका. ग्रे आयर्न (साधं बीड) गोठताना त्यातलं ग्राफाइट फुगतं आणि आकसणं बरंचसं भरून काढतं. पण साचा घट्ट असला तरच. ओल्या वाळूचा मोल्ड मऊ राहिला की त्याची भिंत मागं सरते आणि तो फुगवटा फुकट जातो. सॉफ्टवेअरला मात्र साचा जराही हलत नाही असं सांगितलेलं. आमच्याकडं सकाळची वाळू वेगळी आणि फिरून फिरून तापलेली दुपारची वेगळी. इनॉक्युलेशन (ग्राफाइट नीट बनावं म्हणून धातूत घातलेली पूड) झाल्यावर लॅडल, म्हणजे ओतायची बादली, जास्त वेळ थांबली तर त्याचा असर उतरतो. हे सगळं कुठल्या खान्यात भरायचं?

मेथड्सवाली
बरंचसं भरता येतं, दादा. भरत कुणी नाही. चांगल्या पॅकेजमध्ये ग्राफाइटच्या फुगण्याचा हिशेब असतो, मोल्ड किती कडक तेही सांगता येतं. पण आपण सॉफ्टवेअरसोबत आलेली डिफॉल्ट माहिती ठेवून रन मारतो. ओतण्याचं तापमान एकच आकडा टाकायचा, आणि प्रत्यक्षात त्याच लॅडलमधला शेवटचा मोल्ड पहिल्यापेक्षा बराच गार धातू घेतो. मोल्ड हार्डनेस, भरायला लागणारे सेकंद, पहिल्या आणि शेवटच्या मोल्डचं तापमान, एवढं आठवडाभर मोजा. ट्रायलचं कास्टिंग बॉसमधून कापा आणि रिपोर्टशेजारी ठेवा. मग शिव्या घाला.

लायसन्सचं म्हणाल तर मॅग्मासॉफ्टच घ्या असं कुणी म्हटलेलं नाही. आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून आलेलं ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअरही आहे. बाहेरून रन मारून देणारे कन्सल्टंटही आहेत.

भोसरी_टूलरूम
पत्र्यातही हेच. ऑटोफॉर्म या सॉफ्टवेअरमध्ये स्प्रिंगबॅक (दाबल्यावर पत्रा किती मागं उसळतो ते) काढून डाय तेवढी उलटी वळवून घेतली, तरी पत्र्याची कॉइल बदलली की पार्ट गेजवर बसत नाही. तरी सांगतो, डीपी ७८० या जास्त ताकदीच्या स्टीलची डाय सॉफ्टवेअरशिवाय करायची माझी हिंमत नाही. माइल्ड स्टील होतं तेव्हा मिस्त्रीच्या अंदाजावर निभावलं.

शिरोलीकर
ताई, मोजायचं मान्य. करतो. पण रिपोर्ट मागणारा तो वाचतो का? मागं एका गिऱ्हाइकाला आम्ही रिपोर्टासकट लिहून दिलं, बॉस जरा बारीक करा, बुडाशी फिलेट (कोपऱ्याची गोलाई) वाढवा. उत्तर काय? ‘ड्रॉइंग फ्रीझ झालंय.’ रिपोर्ट पीपॅपच्या (पार्ट मंजुरीच्या कागदपत्रांच्या) फाइलला लागला, बॉस आहे तसाच. रिजेक्शन मात्र आमच्या नावावर डेबिट!

चाकणचा_डिझायनर
ड्रॉइंग फ्रीझ झाल्यावर रिपोर्ट मागायचा म्हणजे नुसती फाइल जाड करायची, हे कबूल. पण म्हणून रिपोर्टच नको, हे पटत नाही. कोटेशन मागवतानाच मागितला, तर बॉस बदलायला आमच्याही हातात वेळ राहतो.

शिरोलीकर
म्हणजे ऑर्डर मिळायच्या आधीच फुकट काम! पाच फौंड्र्यांकडून अक्कल गोळा करायची आणि ऑर्डर रेट पाडणाऱ्या सहाव्याला द्यायची. हे बी बघितलंय.

मेथड्सवाली
म्हणून आम्ही कोटेशनमध्ये पॅटर्नच्या खाली सिम्युलेशनची वेगळी ओळ टाकतो. काही गिऱ्हाइकं मुकाट देतात. काही तेवढी ओळ खोडून कोटेशन परत पाठवतात, आणि रिपोर्ट कधी मिळेल तेही त्याच मेलमध्ये विचारतात.