मदत हवी आहे : हीटिंग ऑइल कधी आणि कसं भरता?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये, लडलोजवळच्या एका खेड्यात भाड्याने राहायला आलोय. गावात गॅसची पाइपलाइन नाही. मागच्या अंगणात हिरवी प्लास्टिकची टाकी आहे, तिच्यातल्या हीटिंग ऑइलवर, म्हणजे रॉकेलवर, घर गरम ठेवणारा बॉयलर चालतो. टाकीच्या नळीतला लाल तरंगता काटा आता जवळजवळ तळाला टेकलाय. टाकी पूर्ण रिकामी झाली तर पाइपात हवा शिरून बॉयलर बंद पडतो म्हणे, त्यामुळे काळजी वाटतेय.

नोव्हेंबरमध्ये सासूबाई साताऱ्याहून येणार आहेत, त्यांना संधिवात आहे. घर जुनं, दगडी भिंतींचं. पहाटे खिडक्यांच्या काचांवरून अक्षरशः पाणी ओघळतं.

पुरवठादार एका वेळी किमान ५०० लिटर घ्यायला सांगतात. तुम्ही उन्हाळ्यातच भरून ठेवता का? गावकऱ्यांनी मिळून ऑर्डर दिली तर खरंच स्वस्त पडतं का? आणि मुख्य म्हणजे, दिवसभर मंद आचेवर हीटिंग चालू ठेवावं की सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास? खेड्यात राहणाऱ्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगा.