लिव्हरपूलचा अवॉर्ड (लवादाचा निवाडा) आलाय, मुंबई हायकोर्टात अडवता येईल का?

काळबादेवी_जमाखर्च
काळबादेवीतल्या एका रुई-सुताच्या पेढीत मी हिशेब पाहतो. गिरणी इचलकरंजीला, ऑफिस इथे. शेठनी गेल्या हंगामात दलालामार्फत परदेशी रुईचा सौदा केला. मग भाव कोसळला आणि एलसी (बँकेची पैशाची हमी) उघडलीच नाही. समोरच्या पार्टीने लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनकडे लवाद लावला. मेल आले, कुरिअर आलं. शेठ म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टवर आपली सही नाही, कोण विचारतंय!" आता अवॉर्ड टेबलावर आहे. सौदा बाजारभावाने इन्व्हॉइस-बॅक करून (म्हणजे माल न देता बंद करून) फरकाची रक्कम, वर व्याज आणि खर्च. शेठचे मेव्हणे म्हणतात, इथे चॅलेंज टाकून दहा वर्षं आरामात काढता येतात, नाफेडनेही असाच अवॉर्ड उडवला. सोमवारी वकिलाकडे जायचंय. त्याआधी जाणकारांनी थोडं सांगावं.

फोर्टचा_मॅनेजिंग_क्लार्क
मेव्हण्यांना चहा पाजा आणि बाजूला बसवा.

मी वकील नाही. फोर्टमधल्या सॉलिसिटरांकडे मॅनेजिंग क्लार्क होतो, हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (थेट हायकोर्टात दाखल होणारी प्रकरणं चालतात तिथं) असल्या पिटिशनचे गठ्ठे पुष्कळ वाहिलेत. लवादाचं ठिकाण इंग्लंड असेल तर आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करायचा अर्ज इथं चालतच नाही. रद्द करणार तिथलं कोर्ट. इथं समोरचा अंमलबजावणीसाठी येईल, तेव्हा तुम्ही त्याच कायद्याच्या कलम ४८ खाली हरकत घ्यायची. हरकती मोजक्याच आहेत, आणि त्या शाबीत करायची जबाबदारी तुमची. "लवादानं भाव चुकीचा धरला" ही त्यात बसत नाही.

सगळे उडी मारतात ती पब्लिक पॉलिसीवर, म्हणजे निवाडा देशाच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे या हरकतीवर. १९९३ च्या रेणुसागर निकालानं ते दार अरुंद ठेवलं होतं. २०११ साली फूलचंद प्रकरणात ते सैल झालं, २०१३ मध्ये लाल महालनं पुन्हा ओढून घेतलं, आणि २०१५ च्या दुरुस्तीनं कडी घातली: लाचलुचपत-फसवणूक, भारतीय कायद्याचं मूलभूत धोरण, किंवा न्याय-नीतीच्या अगदी प्राथमिक कल्पनांना धक्का. बस्स. नाफेडचा २०२० चा निकाल मेव्हण्यांनी अर्धाच ऐकलाय. तिथं शेंगदाण्याच्या निर्यातीला सरकारनं परवानगीच दिली नव्हती. (तोही निकाल बऱ्याच जणांच्या गळी उतरलेला नाही, ते सोडा.) तुमची रुई कोणत्या सरकारनं अडवली? त्याच वर्षी विजय करिया विरुद्ध प्रिस्मियनमध्ये नुसत्या वेळकाढू हरकती घेणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयानं ५० लाखांचा खर्च बसवला, तेही मेव्हण्यांना वाचून दाखवा.

दहा वर्षांचं म्हणाल, तर कलम ५० एकतर्फी आहे. अंमलबजावणी नाकारली तर समोरच्याला अपील आहे. मंजूर झाली तर तुम्हाला नाही, थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची विशेष अनुमती मागायची. दरम्यान कोर्ट पैसे भरायला सांगू शकतं, आणि व्याज तुमच्यासाठी थांबत नाही.

सहीवर फार विसंबू नका. २०१४ मध्ये गोविंद रबर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सही नसली तरी पार्टीच्या वागणुकीवरून लवादाचा करार धरता येतो. म्हणून मला उत्तरं हवीत ती अशी: दलालाचं कन्फर्मेशन आल्यावर शेठनी काय लिहिलं? बँकेला एलसीच्या ड्राफ्टसाठी कॉन्ट्रॅक्ट नंबर कळवला होता का? कुरिअरच्या पोचेवर शिक्का कुणाचा? "नोटीस मिळाली नाही" हीच एक हरकत जीव असलेली असते, आणि ती तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये घालवलीत.

कॉटनग्रीन_दलाल
कोर्टाचं काका म्हणाले ते असेल. बाजाराचं मी सांगतो. अवॉर्ड न पाळणाऱ्यांची यादी लिव्हरपूलवाले जाहीर करतात, आणि त्यांच्या सभासदांनी यादीतल्या पार्टीशी व्यवहार करायचा नसतो. मार्च २०११ ला रुई पौंडाला दोन डॉलरच्या वर गेली आणि मग आपटली, तेव्हा हात वर करणाऱ्या किती पार्ट्या त्या यादीत गेल्या! गिरणीला पुढेही परदेशी रुई लागणार असेल तर हप्ते बांधून घ्या. बरेचदा मान्य करतात.

ओरिजिनल_साइड_ज्युनिअर
काकांना दोन पुरवण्या. एक, इंग्लंडच्या कायद्यात कोर्टात जायची मुदत फक्त २८ दिवसांची, आणि आधी असोसिएशनच्या अंतर्गत अपिलाची वाट संपवावी लागते. त्या अपिलाचीही मुदत असते, ती आजच बघा. करारच झाला नव्हता असं खरोखर म्हणायचं असेल, तर लवादात भागच न घेतलेल्या पार्टीसाठी तिथल्या कायद्याचं कलम ७२ आहे. दोन, समोरच्याला इथे यायला तीन वर्षं आहेत आणि उशीर माफही होऊ शकतो (वेदांता, २०२०). तेव्हा वर्षभर कोणी आलं नाही म्हणून सुटलो समजू नका. अवॉर्डवर इथली स्टँप ड्युटी भरलेली नाही ही हरकतसुद्धा रिओग्लास प्रकरणात २०१८ लाच संपली.

काळबादेवी_जमाखर्च
आवक रजिस्टर काढलं. पोचेवर आमच्याच शिपायाचा शिक्का आहे. आणि शेठचा दलालाला एक मेल सापडला: "शिपमेंट थोडी थांबवा, एलसी पुढच्या आठवड्यात उघडतो." खाली कॉन्ट्रॅक्ट नंबर. शेठ म्हणतात हा मेल वकिलाला दाखवू नकोस.

फोर्टचा_मॅनेजिंग_क्लार्क
अहो, तो मेल समोरच्याकडे आधीपासून आहे! सोमवारी फाईलमध्ये सगळ्यात वर तोच लावा, म्हणजे वकील भलतंच अ‍ॅफिडेव्हिट करून बसणार नाही. आणि सोमवारची वाट कशाला, अवॉर्डवरची तारीख आज रात्रीच वकिलाला व्हॉट्सअ‍ॅप करा. ज्युनिअर म्हणतोय तो २८ दिवसांचा हिशेब तिथून सुरू होतो, आणि असोसिएशनकडे अपील केलंत तर त्या अपिलाचा निकाल कळल्यापासून. तडजोडीचा आकडा मात्र शेठकडून काढून घ्या, मेव्हणे खोलीत नसताना.