अर्धी उघडलेली पद्मिनी, गेलेली नोकरी आणि दोन स्टेंट: गाडी विकू का?

चिंचवडचा_फियाटवाला

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी जुन्या गाड्यांच्या या फोरमवर हेड पॅकिंग कुठे मिळेल, डायनॅमो कोण भरून देईल, एवढंच विचारत आलो. आजचा प्रश्न वेगळा आहे आणि थोडा लांबणार आहे.

गाडी १९७४ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट. त्याच वर्षी 'प्रेसिडेंट'ची 'पद्मिनी' झाली, म्हणजे पहिल्या खेपेतली. २०१९ मध्ये वाईजवळच्या एका गावातून ४५ हजारांना घेतली. अकरा वर्षं चिंचेखाली उभी होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका खाल्लेला की आत बसलं की खाली गवत दिसायचं. मला मात्र दाराचा आवाज आवडला. गंजलेली असूनही दार लावलं की एकच जड 'खट्' यायचा. तेवढ्यावर घेतली.

दर रविवारी काम करत करत फ्लोअर आणि दोन्ही सिल (दाराखालच्या पट्ट्या) नवीन पत्र्यात बसवून घेतले, बॉडी प्रायमरला आणली. मे महिन्यात इंजिन काढलं. आतापर्यंत खरेदी सोडून दोन लाख दहा हजार गेले. वहीत सगळं लिहिलेलं आहे.

मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. २२ वर्षं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमची लाइन बंद झाल्याचं सांगितलं आणि ३० जूनला आम्हा चौदा जणांचा शेवटचा दिवस झाला. ड्रॉवरमधला माझा स्वतःचा मायक्रोमीटर तेवढा घरी आणला. घरी बसवेना, म्हणून रोज सकाळी डबा खाऊन खाली पार्किंगमध्ये जायचो आणि गाडीवर काम करायचो. बायकोला वाटायचं, बरं आहे, मन रमतंय. मलाही तसंच वाटायचं.

१८ जुलैला संध्याकाळी एकट्यानेच जॅकवर गिअरबॉक्स उतरवला. डावा खांदा आणि दंड भरून आला. वजनाने आला असेल, असं समजून बाम चोळून झोपलो. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आपल्यातला प्रत्येक जण हेच समजेल. पहाटे साडेतीनला जाग आली तेव्हा बनियन घामाने चिंब, कळ जबड्यापर्यंत गेलेली, आणि हाताला अजून ग्रीसचा वास. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात गेलो. हार्ट अटॅक निघाला, दोन स्टेंट टाकले. कंपनीचा मेडिक्लेम ३० जूनलाच संपला होता, फक्त १९ दिवस आधी. बिल दोन लाख नव्वद हजार, सगळं घरातून.

वय ५१. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. फ्लॅटचा हप्ता २१ हजार, अजून चार वर्षं. मुंबईचा एक जण गाडी आहे तशी, सगळे सुटे भाग धरून, एक लाख सत्तर हजारांना मागतोय. रोख.

पैशाशिवायचं एक कारण आहे, ते घरी बोललो नाही. गाडीजवळ गेलो की हात आपोआप छातीकडे जातो. मडगार्डवर हात ठेवला की ती पहाट आठवते. पूर्वी तिथे गेलं की बाकीचं विसरायचो, आता उलटं होतंय.

आणि बायको म्हणते विकू नका. मी दवाखान्यात असताना सोसायटीने पार्किंग मोकळं करा म्हणून नोटीस लावली. तिने आणि मुलाने जमिनीवर पसरलेला सगळा पसारा पिशव्यांत भरला आणि प्रत्येक पिशवीवर तिने चिठ्ठी लावली. 'डाव्या दारातलं.' 'पुढच्या दिव्याचे स्क्रू, ७.' 'स्प्रिंगा, लहान.' एका पिशवीवर लिहिलंय, 'हे काय ते माहीत नाही, जड आहे, जपून.' तिने आयुष्यात कधी पाना हातात धरलेला नाही. तीन दिवस ती माझ्याजवळ बसायची आणि संध्याकाळी घरी जाऊन हे करायची.

विकू का? आणि ठेवलीच, तर यातलं कोणतं काम मी करू शकतो?

लेथवाला_भोसरी

भाऊ, आधी तुम्ही बरे आहात हे वाचून बरं वाटलं.

मी ६३ वर्षांचा आहे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग यातच जन्म गेला. २०२० मध्ये चार महिने शटर खाली होतं. तेव्हा मी दुकानात जाऊन नुसता लेथ पुसायचो. म्हणून तुम्ही रोज पार्किंगमध्ये का जायचात, ते मला समजावून सांगायला नको.

एक लक्षात घ्या. मुंबईत रजिस्टर झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. तिथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. इतकी वर्षं त्या टॅक्सींच्या जिवावर आपल्याला सुटा माल मिळायचा. आता जुनी चांगली बॉडी मिळेल, पण सगळं इंजिन जागेवर असलेली गाडी मिळणं अवघड होत जाणार. तो मुंबईवाला खुळा नाही. विकायचीच तर त्या भावात देऊ नका.

कामाचं म्हणाल तर इंजिनाच्या ब्लॉकला तुम्ही हात लावायचा नाही. चेन पुली आणि दोन पोरं. पण या गाडीत टेबलावर बसून होणारं काम ढीगभर आहे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, वायपरची मोटर, मीटर, दाराची कुलपं. आणि इंजिनाची मापं. १०८९ सीसीचं इंजिन, मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. आधीच्या मालकाने बोअर घासून कितव्या ओव्हरसाइजवर नेलंय ते मापल्याशिवाय कळणार नाही, आणि मापायला तुमच्याइतका तयार हात माझ्याकडे येणाऱ्यांत एकाचाही नाही. बोअर गेज माझा घेऊन जा. मुलाला पाठवा, तुम्ही येऊ नका.

सिस्टर_कॅथलॅब

दादा, मी १४ वर्षं कॅथ लॅबमध्ये, म्हणजे स्टेंट टाकतात तिथे, सिस्टर आहे. माझे मिस्टर जुन्या राजदूत जोडतात, त्यामुळे ग्रीसचा वास मला ओळखीचा आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नका, पण विचारायला जाताना हे मुद्दे घेऊन जा.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असतील. सहसा वर्षभर असतात. त्यातली एकही मनाने बंद करायची नाही. हाताला कापलं, रक्त थांबत नाही, म्हणून दोन दिवस गोळी सोडणारे लोक मी पाहिलेत. स्टेंट आतून गुठळीने बंद होतो आणि माणूस परत आमच्या टेबलावर येतो. तो धोका कापण्यापेक्षा फार मोठा. पत्र्याच्या कडांजवळ जाड हातमोजे घाला. कापलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उघडता दाबून धरा. शौच काळी डांबरासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

श्वास रोखून जोर लावायचा नाही. अडकलेला नट फिरवताना आपण सगळे दात-ओठ खाऊन नेमकं तेच करतो. गाडीखाली आडवं पडून, हात वर धरून करायची कामंही सध्या नकोत.

इंजिन चालू होईल तेव्हा ते बंद पार्किंगमध्ये चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो, आणि तुमच्या हृदयाला त्याची तूट परवडणारी नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा ती धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

आता तुम्ही घरी न बोललेलं. झटका आल्यानंतर कित्येकांना ती भीती बसते, झोप उडते, रडू येतं, कशात मन लागत नाही. आमच्याकडे फॉलोअपला आलेली माणसं दाराशी घुटमळतात आणि शेवटी 'काही नाही' म्हणून जातात. तुम्ही तसं करू नका. इथे जे लिहिलंत तेच डॉक्टरांना वाचून दाखवा, त्यावर इलाज असतो. कार्डियाक रिहॅब आहे का तेही विचारा. तिथे तुमच्या छातीला मशीन लावून, समोर माणूस बसवून चालायला लावतात. किती जोर झेपतो ते डोळ्यांनी दिसलं की हात छातीकडे जाणं हळूहळू कमी होतं.

खाली एकटं जायचं नाही. खिशात फोन हवा. परत तशी कळ आली तर बाम नाही, थेट १०८.

नाशिकचा_जीपवाला

मी गाडी विकलेला माणूस. इथे सगळे 'ठेवा' म्हणतील म्हणून लिहितोय.

२०२० मध्ये नोकरी गेली तेव्हा माझ्याकडे सीजे-३बी जीप होती, सात वर्षं खपून उभी केलेली. ऑगस्टमध्ये दिली. मुलीची फी भरली, सहा महिने घर चाललं. ट्रकवर चढवताना बघवलं नाही, मी आत जाऊन बसलो. तरी पश्चात्ताप नाही. त्या सहा महिन्यांत मी घरात कोणावर ओरडलो नाही, हे मला जीपपेक्षा मोठं वाटतं.

तेव्हा हिशोब करा, दादा. एक लाख सत्तर म्हणजे तुमचे आठ हप्ते. ग्रॅच्युइटी मिळाली का? शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले २२ वर्षं. स्वतः मांडून बघा आणि कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. ते पैसे धरून सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत राहत असेल तर गाडी राहू दे. नसेल तर द्या, पण लेथवाले म्हणतात तसा भाव वाढवून. आणि भीतीपोटी या महिन्यात नको.

गाडीत पुढचा रुपया घालण्याआधी विमा. नोकरी सोडताना ग्रुप मेडिक्लेममधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि झालेला वेटिंग पीरियड (आधीच्या आजाराच्या क्लेमसाठी थांबायचा काळ) धरला जातो. हे शेवटच्या दिवसाआधीच लेखी मागितलेलं बरं, एचआर आपणहून सांगत नाही. तुमची वेळ गेली, पण वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या कंपनीत कुजबुज चालू आहे त्यांनी आजच मेल टाका. तुमच्यासाठी नवीन पॉलिसी महाग पडेल. स्टेंट लपवू नका. २०२४ च्या नियमानुसार आधीच्या आजाराच्या क्लेमसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं. वहिनींची आणि मुलाची पॉलिसी मात्र आत्ताच वेगळी काढा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असलं तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, अंगीकृत रुग्णालयात. जवळचं कोणतं ते शोधून नाव आणि पत्ता फ्रिजवर चिकटवून ठेवा.

कागदाचंही सांगतो. १९७४ ची म्हणजे ५० वर्षं पूर्ण. २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदता येते, फी २० हजार, दहा वर्षांसाठी. पण गाडी मूळ रूपात हवी. तेव्हा पैसे वाचवायला दुसरं इंजिन बसवायचा मोह धरू नका.

चिंचवडचा_फियाटवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तराला बारा दिवस लागले.

सिस्टर, तुमचं लिहिणं बायकोला वाचायला दिलं. हात छातीकडे जातो ते तिला माहीत होतं. वरून गॅलरीतून बघायची म्हणे. डॉक्टरांना दोघांनी मिळून सांगितलं. रिहॅब सोमवारपासून सुरू झालं, आठवड्यातून तीन दिवस. पाच किलोच्या वर उचलायचं नाही, असं लिहून दिलंय.

जीपवाले दादा, तुमच्यासारखा हिशोब मांडला. ग्रॅच्युइटीचा आकडा बरोबर निघाला. बिल वजा जाऊन सात महिने निघतात. मुंबईवाल्याला दिवाळीपर्यंत थांब म्हटलं. तोपर्यंत नोकरीचं काही जमलं नाही तर गाडी जाईल, हे घरात तिघांनी बसून ठरवलं. मुलाला ते पटलं नाही, पण हिशोबाची वही त्यानेच लिहिली. त्याची आणि बायकोची पॉलिसी काल निघाली.

ती 'माहीत नाही, जड' पिशवी उघडली. आत डिफरन्शियलची फ्लँज होती आणि तिचे चारही बोल्ट. ते बोल्ट हरवले म्हणून मी जूनमध्ये पुण्याला नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत दोन चकरा मारल्या होत्या.

लेथवाले, मुलाने क्रँक वर आणून दिला. डायनिंग टेबलावर जुनी सतरंजी घालून त्यावर ठेवला, रॉकेलने पुसला आणि माझ्याच मायक्रोमीटरने काल संध्याकाळी बसून मापला. प्रत्येक पिन तीन ठिकाणी, दोन दिशांनी. मुलगा आकडे लिहीत होता. मेन जर्नल (क्रँक ज्यांवर फिरतो ते भाग) तिन्ही चांगले. क्रँकपिन १, ३ आणि ४ ला ओव्हल, म्हणजे गोलाईतला फरक, ०.०१ मिमीच्या आत. दुसऱ्या पिनला मात्र मधोमध ०.०४ मिमी आणि नखाला लागेल अशी एक रेघ आहे. एकाच पिनसाठी सगळा क्रँक घासून अंडरसाइजला न्यावा लागेल ना? आणि त्या मापाच्या बेअरिंग शेल तुमच्याकडे आहेत, की आधी शोधून मग ग्राइंडिंगला द्यायचा?