‘द एलेमेंटल्स’ : भर उन्हात घाबरवणाऱ्या कादंबरीविषयी तुमचे अनुभव सांगा

कातळवाट :
यंदा चैत्रात मामाचे समुद्रालगतचे बंद घर उघडले, तेव्हा माजघराच्या दाराआड, फळीवरच्या पितळी डब्यांच्या झाकणांवर आणि थेट देवघराच्या कोनाड्यातही वाऱ्याने आणलेली बारीक वाळू साचलेली दिसली आणि मला एकदम मायकेल मॅक्डॉवेल यांची ‘द एलेमेंटल्स’ ही कादंबरी आठवली. ती 1981 साली आली. अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात, मोबील शहरातील सॅव्हेज आणि मॅक्रे ही सोयरिकीने जोडलेली दोन घराणी एका अंत्यविधीनंतर मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर बेल्डेम नावाच्या जागी उन्हाळा काढायला जातात. भरतीच्या वेळी जमिनीपासून तुटणाऱ्या त्या वाळूच्या पट्ट्यावर तीन सारखी जुनी घरे आहेत. त्यांपैकी दोन घरांत माणसे राहतात आणि तिसरे वर्षानुवर्षे वाळूच्या टेकडीखाली जात आहे. तिसऱ्यात काय आहे, याविषयी घरातले कोणीही मोकळेपणाने बोलत नाही. अंधार, पाऊस, कुत्र्यांचे रडणे यांपैकी काहीही न वापरता, टळटळीत दुपारी, सगळे जेवून लवंडलेले असताना अंगावर काटा आणणारे असे लेखन मी दुसरे वाचलेले नाही. ज्यांनी ही कादंबरी वाचली आहे त्यांनी आपला अनुभव अवश्य लिहावा. विरोधी मतही हवे आहे, मात्र शेवट उघड करू नये.

मंजिरी_लिहिते :
मला तिसऱ्या घरापेक्षा पहिले प्रकरण अधिक बाधले. चर्चमध्ये मोजकी माणसे, शवपेटीत मॅरियन सॅव्हेज, आणि पोटची मुलेच तिच्या छातीत सुरी खुपसतात, कारण घराण्याची रीतच तशी आहे. मेलेले माणूस खरोखर मेले आहे याची खात्री करून घेण्याची ही रीत वाचताना मला आजोबांचा दहावा आठवला. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा नदीकाठी उभे असलेले थोरले काका हात जोडून हळू आवाजात एकेक वचन देत गेले : धाकट्याचे शिक्षण करीन, विहिरीचा वाटा देईन, आत्याला अंतर देणार नाही. शेवटच्या वचनाला कावळा उतरला. काकांनी ती सगळी वचने पुढे पाळली, आणि काही वचनांनी ते अक्षरशः वाकून गेले. मृतांचे जिवंतांकडे काहीतरी देणे उरते आणि ते सर्वांसमक्ष फेडावे लागते, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे सॅव्हेज घराण्याची रीत मला विचित्र वाटली नाही, ओळखीची वाटली. लेखकाने डॉक्टरेटसाठी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकनांच्या मृत्यूविषयक धारणांचाच अभ्यास केला होता आणि अंत्यविधींशी संबंधित वस्तूंचा मोठा संग्रहही केला होता, हे कळल्यावर त्या प्रकरणातील ठामपणा कुठून आला ते समजले.

आखातकाठ :
आम्ही उत्तर अलाबामात राहतो आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन त्याच राज्यातील गल्फ शोअर्स या किनाऱ्यावरच्या गावी जातो, त्यामुळे त्या उकाड्याविषयी मी अधिकाराने सांगू शकते. तिथली वाळू मिठासारखी पांढरी आहे. ती ॲपलेशियन डोंगरांतून नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेल्या गारगोटीच्या कणांची असल्यामुळे दुपारी डोळे अक्षरशः दिपतात. हवा इतकी दमट असते की दारातून बाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरते. कादंबरीतील माणसे दिवसभर पडून राहतात, पेले भरत राहतात आणि एकमेकांना बोचरे बोलत राहतात, याची काही वाचकांना चीड येते, परंतु त्या हवेत माणूस खरोखर दुसरे काही करूच शकत नाही. वाळूने घर गिळणे हीदेखील तिथे निव्वळ कल्पना नाही. 1979 मध्ये फ्रेडरिक, 2004 मध्ये आयव्हन आणि 2020 मध्ये सॅली अशी चक्रीवादळे याच किनाऱ्यावर आदळली. अशा वादळानंतर रस्त्यांवरची वाळू यंत्रांनी ढकलून बाजूला करावी लागते.

केळशीचा_नातू :
आखातकाठ ताई, आमच्या केळशीला नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यासही केला आहे. लहानपणी आम्ही तिच्यावरून घसरत असू आणि आजी ओरडत असे की वाळू वर दिसते तेवढीच नसते, पाय ओढून घेते. कादंबरीतील इंडिया ही तेरा वर्षांची मुलगी वाळूच्या उतारावरून वरच्या मजल्यापर्यंत चढते आणि काचेला डोळे लावून आत पाहते, तो प्रसंग वाचताना माझ्या तळव्यांना ती सरकणारी वाळू जाणवली. भूत दिसण्याआधीच मी घाबरलो होतो.

संथ_वाचक :
मला कादंबरी आवडली नाही, आणि कारणे नीट सांगतो. पहिल्या शंभर पानांत घरगुती संभाषणांखेरीज फारसे घडत नाही, तर अखेरच्या काही प्रकरणांत एवढे घडते की कोणत्याही मृत्यूचे दुःख वाचकाला पुरते होत नाही. एवढी संथ मांडणी केल्यावर शेवटालाही तितकाच अवकाश द्यायला हवा होता.

स्नेहलता_पी :
संथ_वाचक, तुमचा शेवटाविषयीचा आक्षेप मला मान्य आहे, संभाषणांविषयीचा नाही. बिग बार्बरा हे मॅक्रे घराण्यातील आईचे पात्र तुम्ही माझ्या नजरेने पाहावे असे वाटते. माझे वडील दारू पीत असत. घरी पाहुणे आले की आई सरबताचे पेले मुद्दाम रंगीत काचेचे काढत असे, म्हणजे बाबांच्या पेल्यात काय आहे ते कोणाला दिसू नये, आणि ही व्यवस्था आम्हा भावंडांना कोणी न सांगता पाठ होती. बेल्डेमला मुले आईची दारू सोडवण्याचा निर्धार करतात, ती पाने मी सलग वाचू शकले नाही. थरथर, चिडचिड, मग लाज, आणि त्या सगळ्यांत मुलांची कोरडी, थकलेली माया लेखकाने नेमकी टिपली आहे. ज्या घरात दारूविषयी बोलायचे नाही असे ठरलेले असते, त्या घरात तिसऱ्या घराविषयीही कोणी बोलणार नाही, हे मला पहिल्या पन्नास पानांतच पटले होते.

मंजिरी_लिहिते :
स्नेहलता, रंगीत पेल्यांचे वाचून डोळे भरून आले. आई आता कशा आहेत?

स्नेहलता_पी :
आई बरी आहे, माझ्याकडेच असते. विचारलेत, बरे वाटले.

ऋतुजा_आई :
माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि मुख्य पात्र तिच्याच वयाचे आहे, तर तिला वाचायला द्यावी का?

आखातकाठ :
ऋतुजाताई, इतक्यात देऊ नका. इंडिया आणि तिचे वडील या बाप-लेकीची भाषा शिवराळ आहे आणि शेवटाकडची काही दृश्ये मोठ्यांनाही झेपत नाहीत.

ग्रंथपाल_निवृत्त :
याच लेखकाची ‘ब्लॅकवॉटर’ ही कादंबरी 1983 मध्ये सहा भागांत, दरमहा एक अशी प्रसिद्ध झाली. अलाबामातीलच पर्डिडो गावात 1919 च्या पुरापासून ती सुरू होते. घराण्यांच्या कथांची आवड असेल तर ती आधी वाचावी. ‘बीटलज्यूस’ या चित्रपटाच्या लेखनातही मॅक्डॉवेल यांचा वाटा होता. 1999 मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच ते एड्सशी संबंधित आजाराने गेले. पुढे बराच काळ ‘द एलेमेंटल्स’ बाजारात मिळेनाशी झाली होती. व्हॅलनकोर्ट बुक्सने 2014 मध्ये ती पुन्हा छापली, म्हणून आज आपण तिच्यावर बोलू शकतो. स्वस्त कागदावर निघालेले पुस्तक म्हणून समीक्षकांनी ज्यांची दखल घेतली नाही, अशा लेखकांविषयी मला नेहमीच आत्मीयता वाटत आली आहे. नारायण धारप यांची पुस्तके आमच्या वाचनालयात फाटेपर्यंत फिरत असत, परंतु गौरवाच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच दिसे.

उत्तररात्र :
धारपांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. आपल्याकडच्या पुष्कळ भयकथांत भुताला कारण असते : छळून मारलेली सून असते, पुरलेले धन असते, न झालेले क्रियाकर्म असते. ते कारण सापडले की शांत करवून घेता येते, अंगारा लावता येतो, माणसाला करण्यासारखे काहीतरी उरते. बेल्डेमच्या तिसऱ्या घरातल्यांना कशाचाच हिशेब चुकता करून घ्यायचा नाही. त्यांना स्वतःचे रूपही नाही, समोरच्याच्या मनात जे असेल ते ती धारण करतात. इंडियाने काढलेल्या छायाचित्रांत डोळ्यांना न दिसलेले उमटते, तेव्हादेखील त्यातून कोणताच उलगडा होत नाही. मला ही कादंबरी थोर वाटते ती यामुळेच. माझा भाऊ ऐन तारुण्यात अचानक गेला, तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी कारण शोधून देत असे, कोणी ग्रह सांगे, कोणी वास्तू. त्या दिवसांत कारणांचा जेवढा त्रास झाला, तेवढा कशाचाच झाला नाही. कारण न देणारे हे पुस्तक मला त्या सगळ्या माणसांपेक्षा प्रामाणिक वाटले.

वैदेही_ठाणे :
ओडेसाविषयी अजून कोणीच लिहिलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. ती सॅव्हेज घराण्याकडे काम करणारी कृष्णवर्णीय बाई आहे. घरातल्या सगळ्यांपेक्षा तिला अधिक कळते, तिची स्वतःची मुलगी याच जागेने नेलेली आहे, आणि तरीही गोऱ्या कुटुंबाला वाचवण्याची जबाबदारी तिच्यावरच येते. कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांच्या लढ्यातील माँटगोमेरीचा बस बहिष्कार, 1963 मधील बर्मिंगहॅमच्या चर्चमधला स्फोट आणि 1965 मधील सेल्माचा मोर्चा हे सगळे ज्या राज्यात घडले, त्याच राज्याविषयी 1981 च्या कादंबरीत लिहिताना तिला आपल्या इच्छेने काहीही मागू न देणे, ही लेखकाची मोठी उणीव आहे असे मी मानते.

कातळवाट :
वैदेही, तुमचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि मी तो पूर्णतः खोडून काढू शकत नाही. एवढेच म्हणेन की लेखकाला ही विषमता दिसत नव्हती असे मला वाटत नाही, कारण ओडेसाचे ऐकून तिच्याकडून शिकते ती बाहेरून, न्यूयॉर्कहून आलेली इंडिया. जन्मभर तिच्या हातचे जेवलेली माणसे तिला एक प्रश्नही विचारत नाहीत. आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना गावातल्या प्रत्येक घराचा इतिहास माहीत होता, आणि त्यांच्या मुलाचे नाव आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नसते. तरीही इंडियाला शिकवणे हेच ओडेसाचे प्रयोजन ठरते, हा तुमचा आक्षेप शिल्लक राहतोच.

वैदेही_ठाणे :
हो, आणि म्हणूनच ही कादंबरी ओडेसाच्या तोंडून लिहिली गेली असती तर पहिले प्रकरण अंत्यविधीचे नसते, तिच्या मुलीचे असते, असे मला सारखे वाटत राहते. ते पुस्तक मी एका बैठकीत वाचले असते.