बोक्याची सकाळची साखर ३८०, इन्सुलिन वाढवू का?

बोकोबा: बोका ९ वर्षांचा, साडेपाच किलो. ग्लार्जिन इन्सुलिन, १०० युनिट प्रति मिलीचं, दर १२ तासांनी १ युनिट. तीन आठवडे झाले. सकाळी सुईच्या आधी कानातून घेतलेली साखर ३६० ते ४०० येते. पाणी पिणं आणि ट्रेमधले लघवीचे गोळे तेवढेच. दीड युनिट करू का? कधी कधी टोचल्यावर केस ओले लागतात, तेव्हा परत द्यायचं का?

तिसरा_पंजा: सुईआधीच्या एका आकड्यावर डोस ठरत नाही. त्या वेळी आधीच्या इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो. बघायचा तो तळ. सुईपासून १२ तास, दर २ तासांनी मोजा. सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० मध्ये आला तर डोस पुरतोय, तो टिकत नाही एवढंच. त्याच्याही खाली गेला तर डोस कमी करावा लागतो. हे घरीच करा, दवाखान्यात नुसत्या भीतीनेही मांजराची साखर ३०० पार जाते.

थंड कानातून थेंब निघत नाही. कोमट पाण्यात पिळलेला कापूस अर्धा मिनिट धरा, मग कडेची शीर आणि कानाची धार यांच्या मधे टोचा. खुद्द शिरेत नको. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर थोडी कमी दाखवतं, हे धरून चाला.

माऊताई: केस ओले लागले तर परत अजिबात नाही! किती आत गेलं ते कळत नाही. एक वेळ कमी पडलेलं चालतं, दुप्पट नाही. मानेपेक्षा बरगडीच्या बाजूला कातडीचा तंबू करून टोचा. चिमूट पातळ धरली की सुई पलीकडून बाहेर येते, म्हणून केस भिजतात.

आणि सिरिंजवर काय छापलंय ते बघा. ४० च्या, म्हणजे ४० युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठी खुणा केलेल्या सिरिंजमध्ये हे इन्सुलिन १ च्या खुणेपर्यंत भरलं तर अडीच युनिट जातं.

खडखडीत: खाणं कोरडं आहे का? कमी कर्बोदकांच्या ओल्या खाण्यावर आणलं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते, त्यामुळे डॉक्टरांना न सांगता बदलू नका. दातांचा संसर्ग किंवा स्टेरॉइड चालू असेल तर साखर हटत नाही, तेही तपासा.

बोकोबा: सिरिंज पाहिली. लाल टोपी, नळीवर ४०.

माऊताई: म्हणजे दर वेळी अडीच युनिट जातंय. वाढवण्याचा विषय बंद. साखर मधेच खोल जाऊन शरीर ती वर फेकत असेल, तर सकाळचे ३८० त्यामुळेही असू शकतात. आत्ता मोजा. ७० च्या खाली असेल किंवा तो झोकांड्या खात असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, ठसका लागेल. मग थेट दवाखाना. आकडा ठीक असला तरी पुढच्या सुईआधी डॉक्टरांना फोन करून अडीच युनिटचं सांगा. नवी सिरिंज १०० ची, ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली आणा.