मदत हवी आहे: चक्कीच्या मोटरला एमसीबी सी कर्व्हची की डी कर्व्हची?

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात आमची पिठाची चक्की आहे. ५ एचपी थ्री फेज मोटर, डीओएल स्टार्टर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा), चालू लोड साडेसात अँपच्या आसपास. बोर्डात एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा खटका) आहे बी१०, म्हणजे बी कर्व्ह, १० अँप. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की बऱ्याचदा खटका लगेच पडतो.

कर्व्ह म्हणजे रेटिंगच्या किती पट करंटला खटका तात्काळ पडतो ते. माझ्या समजुतीने बी कर्व्ह ३ ते ५ पटीला तात्काळ ट्रिप होतो, सी ५ ते १० आणि डी १० ते २० पटीला. मोटर सुरू होताना सहा-सात पट, म्हणजे ४५ ते ५२ अँप खेचते. बी१० तर ३० ते ५० मध्येच पडणार. मग सी१० पुरेल का?

वायरमन म्हणतात, थेट डी१० टाका. पण त्याला तात्काळ पडायला २०० अँपपर्यंत लागू शकतात, म्हणजे २३० व्होल्टला फेज-अर्थ लूपचा (फेज अर्थला चिकटला तर करंट ज्या वाटेने फिरतो तिचा) रोध १.१५ ओहमच्या आत हवा. आमची वायर लांबून येते, अर्थिंगही जुनं. चक्कीवर बायाबापड्या, लेकरं दळण घेऊन येतात, म्हणून जीव धजत नाही.

शिवाय मे महिन्यात पत्र्याखाली, दुपारी अर्धा तास दळण चाललं की खटका पडतो. हा थर्मल (उष्णतेने हळूहळू पाडणारा) भाग ना? रेटिंग ३० अंशांवरचं असतं, मग कर्व्ह बदलून हे थांबणार नाही. बोर्ड सावलीत हलवू की १६ अँप घेऊ? वायर २.५ चौरस मिमी तांब्याची आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.